कुकरच्या शिट्टीआड

प्रिय मावशी,

मी ३४ वर्षांचा आहे. डेट्रॉइटमध्ये वाढलो, आता शिकागोत असतो. बाबा ब्लॅक अमेरिकन, वय ७०. त्यांचे आईवडील अलाबामाहून मोटारींच्या कारखान्यात कामाला आले होते. आई सांगलीची. मराठी मला आजीने शिकवलं. ती सहा-सहा महिने येऊन राहायची आणि मला ‘माझा विठू’ म्हणायची. मी ११ वर्षांचा असताना गेली. लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या.

मी गे आहे. हे माझ्याआधी बाबांना कळलं होतं. सात वर्षांचा असताना आईची ओढणी घेऊन नाचलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पट्टा काढला. मग चालण्यावर, हसण्यावर, हात हलवण्यावर मार. तेराव्या वर्षी वहीत एका मुलाला लिहिलेली चिठ्ठी सापडली. त्या रात्रीचं सगळं इथे लिहीत नाही. आई स्वयंपाकघरात होती. तिने दार लावून घेतलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी सात मोजल्या. वरणभाताला तीन लागतात.

अजूनही शिट्टी ऐकली की माझे हात गार पडतात. माझ्या जोडीदाराने शिट्टी नसलेला विजेचा कुकर आणला आहे.

नऊ वर्षांचा असताना मामाच्या लग्नाला सांगलीला गेलो. फोटोच्या वेळी एका काकूने मला मागच्या रांगेत ढकललं. सगळे केसांना हात लावून बघायचे. चर्चमध्ये मी ‘सॉफ्ट’ होतो, सांगलीत काळा.

आता बाबांना स्ट्रोक आला आहे. नीट बोलता येत नाही. आई म्हणते, ये, माफ करून टाक, झालं गेलं गंगेला मिळालं. मित्राला आण, पण चर्चची माणसं येतात, रूममेट आहे असं सांगू. माफ करावंच लागतं का? पहिल्या थेरपिस्टने दहा प्रश्न विचारून माझ्या बालपणाचे गुण काढले, चार आले. पोलिसांनी मला गाडीतून उतरवलं होतं ते सांगायला लागलो की म्हणायची, आपण घराबद्दल बोलूया. नंतरचे आपल्याकडचे डॉक्टर म्हणाले, तुझ्या वडिलांच्या संस्कृतीत हे असतंच. तिसरा शोधू का? आणि चौतीस वर्षांचा होऊनही मी अजून तेराचाच का आहे?

आई हे सदर दर आठवड्याला वाचते. म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या जोडीदाराची मराठीत ओळख कशी करून द्यायची, तेही सांगा.

— सात शिट्ट्या मोजणारा


बाळा,

तुझं मराठी सांभाळून घ्यावं लागलं नाही. आजीने छान शिकवलंय.

पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले: वरणभाताला तीन लागतात. पट्ट्याबद्दल तू लिहिलंस, चर्चबद्दल, सांगलीबद्दल लिहिलंस, पण मोजल्यास त्या शिट्ट्या. मार खाणाऱ्या पोराचा कान स्वयंपाकघराच्या दाराशी लागला होता. तिसऱ्या शिट्टीला आई गॅस बंद करील, दार उघडेल, येईल. चौथी झाली. मग पाचवी. तुझं वय तिथेच अडकून राहिलं असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही.

त्या दाराकडे मी शेवटी येणार आहे. आधी तू सरळ विचारलेल्याचं सरळ उत्तर देते.

माफ करावं लागत नाही. वडील आजारी पडले म्हणून नाही, म्हातारे झाले म्हणून नाही आणि आई सांगते म्हणून तर मुळीच नाही. ज्याला जखम झाली, क्षमा त्याच्या मालकीची असते. द्यायची की नाही, कधी द्यायची, हे त्याने ठरवायचं. शिवाय तुझ्याकडे ती अजून कुणी मागितलेलीच नाही. आईने वडिलांच्या वतीने परस्पर मागून घेतली आहे. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे ज्याचं काही गेलं त्याने म्हणावं. दुसऱ्याने म्हटलं की त्याचा अर्थ ‘आता गप्प बस’ एवढाच उरतो. घाईने माफ करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षा-दोन वर्षांनी राग जिथल्या तिथे असतो, आणि वर ‘आपण तर माफ केलं होतं, मग हे काय’ अशी लाज. काहींना क्षमा फार उशिरा, न बोलावता येते. काहींना कधीच येत नाही, आणि तीही माणसं बरी होतात, रात्री शांत झोपतात, कुणावर तरी जीव लावतात.

त्या डॉक्टरांच्या वाक्याचा मला फार राग आला. पट्ट्याने, उलथन्याने, ओल्या फोकाने पोरं बडवणारी घरं बघत मी महाराष्ट्रात लहानाची मोठी झाले. त्याला कुणी मराठी संस्कृती म्हटलं नाही. तुझ्या वडिलांनी केलं ती हिंसा होती. ती त्यांच्या कातडीच्या रंगातून आली नाही. कुठून आली असावी याचा मात्र मी विचार केला आहे, कारण मिशिगनच्या सरकारी शाळांत २६ वर्षं समुपदेशक म्हणून काम करताना तुझ्या वडिलांसारखे बाप माझ्या समोरच्या खुर्चीत अनेकदा बसले.

वडील ७० चे, म्हणजे १९५५ च्या आसपासचा जन्म. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. दुकानातल्या एका गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा आरोप ठेवून दोन गोऱ्या माणसांनी त्याला रात्री घरातून उचललं आणि हालहाल करून मारलं. सगळ्या गोऱ्या पंचांनी मिळून मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं. त्या वर्षी ज्या ज्या ब्लॅक आईच्या मांडीवर मुलगा होता, तिच्या मनात ते प्रेत जाऊन बसलं. मुलाने मान खाली घालावी, हात खिशाबाहेर ठेवावेत, उगाच हसू नये, यासाठी ती त्याला मारू लागली. पोलिसांनी मारण्यापेक्षा मी मारलेलं बरं, असं मला कित्येक आयांनी आणि बापांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. मग जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं. बाराव्या रस्त्यावरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडली, तिथून सुरुवात झाली आणि ४३ माणसं मेली. तुझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. जगण्यासाठी कठीण व्हावं लागतं, हे त्या मुलाच्या मनावर तेव्हा कोरलं गेलं असणार.

आणि त्यांच्या घरात तू आलास, ओढणी घेऊन नाचणारा. दक्षिणेतून आलेल्या घरांत अशा मुलाबद्दल एक वाक्प्रचार आहे, ‘शुगर इन द टँक’. पेट्रोलच्या टाकीत साखर, म्हणजे आतून बिघडलेली गाडी. मोटारींच्या शहरात तो मी फार ऐकला. तुझ्या वडिलांना वाटलं असेल, हा मुलगा आधीच काळा, त्यात असा, याला बाहेरचं जग जिवंत ठेवणार नाही. म्हणून त्यांनी ते जग घरातच आणलं.

हे मी त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही. कारण कळल्याने वळ मिटत नाहीत. त्यांच्याच वयाचे, त्याच शहरातले, त्याच भीतीत वाढलेले कितीतरी बाप होते ज्यांनी पट्टा काढला नाही. मी एवढ्यासाठीच लिहिलं, की तुझ्यात काहीतरी वाईट होतं म्हणून तो मार पडला, असं जे तेरा वर्षांच्या मुलाला वाटतं, त्याला कळावं: तू त्या खोलीत यायच्या कितीतरी आधी ती भीती तिथे येऊन बसली होती.

आता माझी एक गोष्ट. नव्वदच्या दशकात माझ्या शाळेत एक ब्लॅक मुलगा होता. बारा-तेरा वर्षांचा, उत्तम गायचा. जूनच्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून तो माझ्या खोलीत येऊन बसायचा. मी त्याला खायला द्यायचे. स्वेटरबद्दल विचारलं नाही. मारहाणीचा संशय आला तर शाळेतल्या माणसाने सरकारला कळवायचंच, असा कायदा आहे. मी कळवायला हवं होतं. पण कळवलेल्या घरांचं काय होतं तेही मी पाहत होते. ब्लॅक मुलं घरातून काढून परक्या घरांत ठेवली जाण्याचं प्रमाण तिथे फार मोठं आहे, आणि एकदा नेलेलं मूल लवकर परत येत नाही. मी आठवडाभर विचार करीत राहिले. तेवढ्यात कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. त्याला मी विचारायला हवं होतं. त्याच्या तोंडून काही निघालं नसतं तरी कुणीतरी विचारलं होतं, एवढं त्याच्यापाशी राहिलं असतं. तुझं पत्र वाचताना तो स्वेटर सारखा डोळ्यांसमोर येत होता.

म्हणून ब्लॅक घरांतला तो नियम, या घरात जे होतं ते या घरातच राहील, मी हलका मानत नाही. त्यामागे खरी भीती आहे. आपल्याकडे त्याच नियमाचं नाव ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. तुझ्या वडिलांच्या घराने पोलीस आणि सरकार यांच्या धाकाने तोंड मिटलं, आईच्या घराने लोक काय म्हणतील या धाकाने. इतर मुलांना निदान एक तरी घर बोलणारं मिळतं. तुला दोन्हीकडून मौन वारशात आलं. त्या मौनाखाली वीस वर्षं राहिलेला माणूस आज मला पत्र लिहितो, त्याला मी अजून तेराचाच आहेस असं कसं म्हणू?

सांगलीबद्दल मी माझ्याच माणसांशी बोलते आहे, तेव्हा जरा कडक बोलू दे. पंढरपूरला विटेवर उभा असलेला देव काळा आहे. आपण त्याला सावळा म्हणतो, माऊली म्हणतो. पुरुषाच्या मूर्तीला आई म्हणताना आपल्याला शेकडो वर्षांत कधी अवघडल्यासारखं झालं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. एवढं सगळं ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या एका मांडवात नऊ वर्षांच्या पोराला रंगावरून मागच्या रांगेत ढकललं गेलं. लग्नाच्या जाहिरातींतला गोरेपणाचा हव्यास आणि ते ढकलणं एकाच मुळातून येतं, आणि त्या मुळाला जात असं नाव आहे. त्या काकूच्या वतीने मी माफी मागू शकत नाही, मला तो अधिकार नाही. पण तो अपमान होता. लहान मुलांना असं वाटतंच, असं म्हणून तो सोडून द्यायचा नाही. आजीने तुला विठू म्हटलं, ते तिने फार विचार करून म्हटलं असणार असं मला वाटतं.

डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ‘सॉफ्ट’, सांगलीत काळा. तुला कधी वाटलं असेल की आपल्यासारखा दुसरा कुणी त्या शहरात झालाच नाही. रूथ एलिस हे नाव तुझ्या कानावर आलं असेलही, पण त्यांची गोष्ट कुणी नीट सांगितली नसेल. जन्म १८९९, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचा. आईवडील गुलामीच्या अखेरच्या वर्षांत जन्मलेले. १९३७ मध्ये त्या डेट्रॉइटला आल्या आणि पुढे स्वतःचा छापखाना घातला. घराच्या पुढच्या खोलीत छपाईचं यंत्र होतं. सिसिलीन फ्रँकलिन या जोडीदारणीबरोबर १९४६ ते १९७१ अशी पंचवीस वर्षं त्यांचं घर ब्लॅक गे-लेस्बियन मंडळींसाठी उघडं होतं. गोऱ्यांच्या बारमध्ये काळ्यांना जागा नव्हती आणि काळ्यांच्या बारमध्ये अशा जोड्यांना. मग शनिवार-रविवारी लोक तिथे जमायचे, पियानो वाजायचा, पत्ते चालायचे, नाच व्हायचा. घरातून हाकललेली पोरं तिथे जेवायची, झोपायची, कुणाच्या कॉलेजच्या खर्चाला त्या हातभार लावायच्या. त्या १०१ वर्षं जगल्या, २००० साली गेल्या. आदल्याच वर्षी त्यांच्या नावाने डेट्रॉइटमध्ये बेघर क्विअर मुलांसाठी केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे.

हे सगळं तुझ्या शहरात होतं. ज्या रात्री तू शिट्ट्या मोजत होतास, त्या रात्रीही ते केंद्र उघडं होतं. तुला कुणी सांगितलं नाही, आणि ते न सांगणं हाही तुझ्यावर झालेला एक अन्यायच. जमलं तर या खेपेला एकदा तिथे जाऊन ये. मदत मागायला जायचं तुझं वय उलटलं. पण तेरा-चौदा वर्षांची मुलं जिथे बिनधास्त हात हलवत बोलतात अशी जागा एकदा डोळ्यांनी बघ.

आता थेरपीचं. तिसरा शोध. जरूर शोध.

आधी त्या ‘चार’ या आकड्याचं ओझं उतरव. ते दहा प्रश्न ज्या अभ्यासातून आले त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. सॅन डिएगोमधल्या आरोग्यविमा असलेल्या १७,००० हून जास्त लोकांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं, आणि त्यांतले बहुतेक गोरे, शिकलेले, बऱ्या स्थितीतले होते. अभ्यास मोलाचाच आहे. लहानपणीचा मार आणि पुढचे आजार यांचा संबंध त्याने जगापुढे ठेवला. पण त्या दहांत वंशभेदाचा एकही प्रश्न नाही. पुढे २०१२-१३ मध्ये फिलाडेल्फियात १,७८४ लोकांना पुन्हा विचारलं, तेव्हा वंशभेद, वस्तीतली असुरक्षितता, इतर मुलांकडून होणारा छळ, परक्या घरात वाढणं, असे प्रश्न घातले गेले. थोडक्यात, तुझं अर्धं बालपण त्या कागदावर मावतच नव्हतं. पोलिसांनी गाडीतून उतरवल्याची आठवण बाजूला सारणाऱ्या थेरपिस्टची चूक हीच होती. तुझ्या बाबतीत घर आणि रस्ता वेगळे काढता येत नाहीत, कारण वडील रस्त्याच्या भीतीनेच घरात मारत होते.

हात गार पडतात त्याबद्दल लाज वाटून घेऊ नकोस. जिवावर बेततं तेव्हा मेंदू सगळी घटना ओळीने लावून ठेवत नाही, तिचे तुकडे ठेवतो: एखादा आवाज, वास, दाराखालून येणारा उजेड. पुढे कधी त्यांतला एक तुकडा समोर आला की शरीर पळायची तयारी करतं, कातडीजवळचं रक्त आत ओढून घेतं, आणि हात गार पडतात. शरीराला तारीख वाचता येत नाही. ती तू वाचून दाखवायची. अशा वेळी पाय जमिनीवर घट्ट टेकव, गरम चहाचा कप दोन्ही हातांत धर आणि मोठ्याने म्हण: आज अमुक वार, मी शिकागोत आहे, हे माझं घर आहे, दार माझ्या हातात आहे. मराठीत म्हण. ती रात्र तुझ्या मनात बहुधा मराठीतच साठली आहे. आणि जिद्दीने शिट्टीचा कुकर आणून स्वतःची परीक्षा घेऊ नकोस. भीतीच्या गोष्टीजवळ हळूहळू जायचे उपचार असतात, पण ते शिकलेल्या माणसाबरोबर, ठरवून, बेताबेताने करायचे. तोवर तो विजेचा कुकर उत्तम आहे. तो आणणाऱ्या माणसाने तुझं ऐकलं आहे.

‘अजून तेराचाच’ असण्याचं म्हणशील, तर लहानपणी वर्षानुवर्षं, आणि तेही आपल्याच माणसांकडून मार खाल्लेल्यांच्या या अवस्थेला २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ (दीर्घ आघातानंतरचा मानसिक त्रास) अशी वेगळी नोंद आहे. जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, भावना आवरता न येणं, आपण नालायक आहोत असं आत रुतून बसणं, माणसांजवळ जाताना घाबरणं, हे सगळं त्यात येतं. पत्रावरून मी निदान करणार नाही. मात्र नव्या थेरपिस्टला हे थेट विचार.

शोधताना पहिल्या फोनवरच आणखी काही गोष्टी विचारून घे. तुम्ही ब्लॅक गे पुरुषांबरोबर काम केलं आहे का? वंशभेद आला की विषय बदलता का? आघातावरच्या कुठल्या उपचारपद्धतीचं शिक्षण घेतलं आहे? समोरचा माणूस या प्रश्नांनी दुखावला तर फोन ठेवून दे. नॅशनल क्विअर अँड ट्रान्स थेरपिस्ट्स ऑफ कलर नेटवर्क ही २०१६ मध्ये सुरू झालेली संस्था अशा थेरपिस्टांची यादी ठेवते, तिथून सुरुवात कर. चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी त्या रात्रीचं वर्णन मागणार नाही. आधी झोप, जेवण, सुरक्षित वाटणं, मग आठवणी. पहिल्या भेटींत काहीच घडत नाहीये असं वाटलं तर तसंच असू दे, पाया तेव्हाच घातला जातो. आणि एखादी रात्र फारच वाईट गेली, जगणं नको वाटलं, तर अमेरिकेत ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. जोडीदारालाही तो सांगून ठेव.

चर्चबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस. गाणं आवडत असेल आणि ते तिथेच मागे राहिलं असेल, तर सांगून ठेवते: मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलेले कार्ल बीन पुढे पाळक झाले आणि १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी युनिटी फेलोशिप चर्च उभं केलं, ते मुळात ब्लॅक गे-लेस्बियन भाविकांसाठीच. देव हवा असेल तर तो मारणाऱ्यांच्या हाती सोडून यायचं कारण नाही. नको असेल तर तेही ठीक.

जायचं की नाही? जेम्स बाल्डविन हा ब्लॅक गे लेखक न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका कडक, कडवट पाळकाच्या घरात वाढला. तो सावत्र बाप होता. बाल्डविन त्याला भेटायला गेला तो अगदी शेवटी. २९ जुलै १९४३ ला बाप वारला, त्याच दिवशी घरात शेवटचं मूल जन्मलं, आणि २ ऑगस्टला बापाचा अंत्यविधी झाला तेव्हा बाल्डविनचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याच सुमारास हार्लेममध्ये दंगल झाली, रस्त्यावर काचांचा खच होता. नंतर तो आयुष्यभर त्या बापाबद्दल लिहीत राहिला. मृत्यूने त्यांचं नातं मिटलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की ‘ते जाण्याआधी सगळं मिटवायला हवं’ ही घाई तुझ्यावर लादली जाते आहे, आणि ती खोटी आहे. ते गेल्यावरही तुझ्याकडे वेळ असेल.

तरी माझा कल तू एकदा जावंस याकडे आहे, पण तुझ्या अटींवर. घरी राहू नकोस, हॉटेलात राहा. गाडी स्वतःची ने, म्हणजे निघणं तुझ्या हातात राहील. एक तास ठरव. जोडीदार बरोबर असू दे, खोलीत किंवा खाली गाडीत, तुम्ही दोघं ठरवा. वडिलांना बोलता येत नाही, तेव्हा त्यांच्याकडून काही ऐकायला मिळेल अशी आशा धरून जाऊ नकोस. ती आशा धरली होतीस हे मला दिसतं, आणि तिचं सुतक तुला धरावं लागेल. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. ‘तुम्ही मला मारलंत. मी जिवंत आहे. हा माझ्याबरोबर असतो.’ एवढं म्हणून उठलास तरी भेट पुरी झाली. काहीच न म्हणता नुसता बसलास तरी झाली. पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडावंसं वाटलं तर पड.

आता ते दार. इथून पुढचं तुझ्या आईला.

ताई, तुम्ही हे वाचत असाल. मुलाने नाव लिहिलेलं नाही, पण सात शिट्ट्या लिहिल्या आहेत. तुम्ही ओळखलं असेल.

मी तुमच्यावर खटला चालवत नाही. परक्या शहरात, माहेर तुटलेलं असताना किंवा तुटेल या भीतीत राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या रात्री दार उघडलं असतं तर पुढे कुठे जायचं होतं, हे तुम्हालाही माहीत नसेल. हात तुमच्यावरही उठत होता का, हे पत्रात नाही. ते तुम्हीच सांगू शकाल, आणि सांगावंसं वाटलं तर कुणाला तरी नक्की सांगा. तुम्हालाही ऐकणारं माणूस हवं आहे.

पण मुलगा फोनवर असतो तेव्हा ‘माफ कर’ म्हणू नका. त्याला एकच गोष्ट हवी आहे आणि ती साऱ्या जगात फक्त तुमच्यापाशी आहे. ‘मी ऐकत होते.’ एवढंच म्हणा. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘तुझ्या भल्यासाठी’, ‘तेव्हा सगळेच’, ‘त्यांचाही स्वभाव’, काहीही जोडू नका. तो रडेल, चिडेल, कदाचित फोन ठेवेल. ठेवू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. वीस वर्षं तो मुलगा एकटाच त्या रात्रीचा साक्षीदार आहे, आणि एकट्या साक्षीदाराला आपलंच खोटं वाटायला लागतं.

रूममेट हा शब्दही टाका, ताई. तुमच्या मुलाला शिट्टीचा त्रास होतो म्हणून ज्याने कुकर बदलला, त्याला भाडेकरू म्हणणार का? चर्चची माणसं आली तर त्यांना चहा द्या आणि नाव सांगा.

आणि बाळा, तुझा शेवटचा प्रश्न. समलिंगी हा शब्द बरोबर आहे, पण घरात बोलताना तो कागदी वाटतो. इथली मुलं गे, क्विअर असंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. त्याच्यासाठी मात्र तू पत्रात नकळत अगदी योग्य शब्द वापरला आहेस: जोडीदार. संसारातलाही तो, कामातलाही, आणि अवघड वाटेवर बरोबर चालणाराही तोच. दारात उभं राहून म्हण, ‘आई, हा माझा जोडीदार.’ मग थांब. पुढचं वाक्य तिचं आहे.